दहावीनंतर आयटीआय : पैसा नक्की कुठल्या ट्रेडमध्ये आहे?

कृष्णाकाठ

मंडळी, घरात सध्या युद्ध पेटलंय, म्हणून हा धागा.

माझा भाचा यंदा दहावी झाला. ५८ टक्के. पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत जांभया. पण उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा हा रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात तीन दिवस नुसता बघत बसला आणि चौथ्या दिवशी त्याच्या हाताखाली स्लॉटमध्ये तार भरत होता. त्याला आयटीआय करायचंय. दाजी म्हणतात, "आयटीआय म्हणजे जन्मभर हात काळे. डिप्लोमा कर, पुढं डिग्री होईल." आता ५८ टक्क्यांवर सरकारी तंत्रनिकेतनात त्याला हवी ती शाखा मिळायची नाही. म्हणजे खाजगी कॉलेज, म्हणजे सोसायटीचं कर्ज. ताई दोघांच्या मध्ये.

प्रश्न सरळ आहे. डिग्री नसताना, हातातल्या कामावर खरोखर चांगला पैसा मिळवणारे लोक तुमच्या माहितीत आहेत का? कोणत्या ट्रेडमध्ये? किती वर्षांनी? "कौशल्याला पर्याय नाही" हे भाषण नको, ते आमचे सरपंच करतात. आकडे सांगा.

कोथरूडकर

प्लंबर. आमच्या बेसिनखालचा नळ अकरा दिवस गळतोय आणि तो रोज "काका, संध्याकाळी येतो" म्हणतो. इतका भाव आमच्या हार्टच्या डॉक्टरलाही नाही.

नचिकेत_दे

मी मेकॅनिकल इंजिनियर, २०१६ पास. चाकणला पहिला पगार १४ हजार. आमच्याच लाइनवरचे मेन्टेनन्सचे इलेक्ट्रिशियन, आयटीआय केलेले, कायम कामगार, ओटी (ओव्हरटाइम) धरून माझ्या तिप्पट घरी न्यायचे. कामगाराला ओटी कायद्याने दुप्पट दराने. मी पडलो 'स्टाफ', त्यामुळे मला रात्री दहापर्यंत थांबल्याबद्दल कॅन्टीनचा थंड वडापाव. चार वर्षांची फी आठवत तो खायचा.

कडू_कारलं

नचिकेत, तुमच्या प्रतिसादातले दोन शब्द परत वाचा : "कायम कामगार". ते काका कधी लागले होते? पंच्याण्णव साली? मग त्यांचा दाखला आजच्या पोराला देऊ नका.

मी फिटर. २०११ ते २०१५ काय झालं ते सांगतो. एक वर्ष अप्रेंटिस. मग ट्रेनी. मग कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर. सात महिने झाले की ब्रेक. सातच का? कारण २४० दिवस भरले की औद्योगिक विवाद कायद्यात माणसाला थोडं संरक्षण मिळायचं, ते मिळू नये म्हणून. ब्रेकमध्ये गावी जायचं, आई विचारणार "सुट्टी आहे का रे?", हो म्हणायचं. मग शेजारच्या कंपनीच्या गेटवर, परत तोच फॉर्म, तेच मेडिकल, परत हेल्पर. पाच वर्षांत चार गेटपास झाले आणि अनुभवाचा दाखला एकही नाही.

त्यामुळे ताई, आयटीआयची स्तुती करणाऱ्याला आधी विचारा, स्वतःचा मुलगा घातलाय का?

शिल्पनिदेशक

मी घातलाय. धाकटा. इलेक्ट्रिशियन ट्रेड, आता महावितरणमध्ये आहे.

मी सरकारी आयटीआयमध्ये बावीस वर्षं शिकवतोय (निदेशक म्हणतात आम्हाला, मुलं 'सर' म्हणतात, पालक 'मास्तर'). कडू कारलं लिहितात ते शब्दन् शब्द खरं आहे, अशी मुलं दर दिवाळीत मला भेटायला येतात. तरी मूळ प्रश्नाला उत्तर देतो.

पालक विचारतात कुठल्या ट्रेडला पैसा. माझ्या अनुभवात नुसत्या ट्रेडला पैसा नाही. पैसा आहे तो ज्या कामाला कायद्याने किंवा गिऱ्हाइकाच्या अटीने पास झालेला माणूस लागतोच, त्या कामाला. आयटीआयचं प्रमाणपत्र त्या परीक्षेच्या दारापर्यंत नेतं, तिथून पुढं चार-पाच वर्षं जातात. उदाहरणं :

इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झाला, की अनुज्ञापक मंडळाचा परवाना काढायचा. जुने लोक अजून 'पीडब्ल्यूडी लायसन' म्हणतात. तो असला की सही करता येते. हाताखाली चार पोरं घेऊन वायरिंगची कामं घेणारे माझे विद्यार्थी मला पगार सांगत नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून.

बॉयलर. १९२३ पासून कायदा होता, आता २०२५ चा नवा आला. प्रमाणपत्र असलेला माणूस समोर नसेल तर बॉयलर चालवता येत नाही. साखर कारखाना, डेअरी, कापडाचं प्रोसेस हाउस, औषध कंपनी, सगळीकडे बॉयलर.

आणि वेल्डर. एक वर्षाचा ट्रेड. इलेक्ट्रिशियनच्या जागा पहिल्या फेरीतच उडतात, वेल्डरच्या शेवटच्या फेरीपर्यंत पडून असतात.

दाजींना एवढं सांगा, दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दार बंद होत नाही.

अनुस्वार

अवांतर : 'ट्रेड'ला मराठीत काय म्हणावं? सरकारी कागदावर 'व्यवसाय' असतं, पण 'माझा व्यवसाय वेल्डर' हे कानाला कसंतरी लागतं. आपल्याकडे चांगला शब्द होता, 'कसब'. सुतार, लोहार, तांबट, पाथरवट यांची कसबं गावाने शतकानुशतकं जपली, सन्मानाने सांभाळली.

वाकळ

सन्मानाने? माझे आजोबा सुतार होते. वर्षभर गावाची औतं, पाभरी, गाड्यांची चाकं करायची आणि सुगीला खळ्यावर पाटी घेऊन उभं राहायचं, देतील तेवढं बलुतं घ्यायचं. वडलांनी वाकस माळ्यावर टाकला तो परत काढला नाही, मला बी.ए. केलं. दाजी "हात काळे" म्हणतात तेव्हा ते नुसत्या ग्रीसबद्दल बोलत नसतात. कुणाचे हात काळे असायचे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

अनुस्वार

मान्य. 'सन्मानाने' मागे घेतो. 'कसब' ठेवतो.

आर्गॉनवाला

शेवटच्या फेरीपर्यंत पडून असलेली वेल्डरची सीट. त्यातलीच एक मी २००७ ला घेतली, कारण दुसरं काही मिळालं नाही. त्यामुळे जरा लांबड लावतो.

पहिली तीन वर्षं गेट-ग्रील आणि शेड. रोजी १५०. उन्हात पत्र्यावर. तिथेच राहिलो असतो तर आज फार तर आठशेवर असतो. एक सीनियर होता, तो म्हणाला आर्क सोड, आर्गॉन शिक. म्हणजे टिग, आर्गॉन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या सुईने करायचं वेल्डिंग. त्याच्या हाताखाली वर्षभर फक्त पाइप ग्राइंड करून दिले. जेवणाच्या सुट्टीत तो टॉर्च हातात द्यायचा, वीस मिनिटं.

मग ६जी टेस्ट. पाइप ४५ अंशात तिरका पक्का बांधतात. पाइप फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. घड्याळात सहा वाजतात ती जागा तळाला, तिथं मान मोडून खालून वर बघत रूट, म्हणजे सांध्याचा पहिला थर, मारायची. दोन पाइपांत तीनेक मिलिमीटरची फट. आर्कने कडा वितळून पुढं बारीक छिद्र उघडतं, की-होल म्हणतो आम्ही, ते ना मोठं होऊ द्यायचं ना बुजू द्यायचं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वायर सरकवत राहायची. तळाला धातू ओघळून आतली बाजू खोलगट राहते. तिथंच निम्मे लोक उडतात. नंतर एक्स-रे.

मी पहिल्यांदा नापास झालो. फिल्मवर पांढरा ठिपका होता. बहुतेक दोष फिल्मवर काळे दिसतात, हा पांढरा. टंगस्टनची सुई वितळलेल्या धातूला नकळत टेकली की तिचा कण आत राहतो. टंगस्टन लोखंडापेक्षा जड, एक्स-रे त्यातून कमी जातो, म्हणून पांढरा. मला त्या क्षणी टेकल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. तिसऱ्या वेळी पास झालो.

आता आकडे. आयबीआर (म्हणजे बॉयलरच्या नियमांप्रमाणे पास झालेला) वेल्डर म्हणून रिफायनरी-पॉवर प्लान्टच्या शटडाउनला माझा रोज दोन ते अडीच हजार, राहणं-जेवण त्यांचं, बारा तासांची शिफ्ट. वर्षात सात-आठ महिने काम मिळतं, बाकी घरी. आखातात सहा वर्षं काढली, तिथं खर्च वजा जाता महिना पन्नास-पंचावन्न हजार गावी यायचे, २०१५ च्या आसपास. घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, दीड एकर घेतली.

दुसरी बाजूही लिहितो. मोठी मुलगी चालायला लागली ती मी फोनवर बघितली. काच न लावता एक क्षण आर्क बघितला तर रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं, आपल्याकडे बटाट्याचे काप ठेवतात त्यावर, त्यापेक्षा डॉक्टरकडे जा. मान आणि कंबर चाळिशीत बोलायला लागतात. आखातात जाण्याआधी एका एजंटने ६० हजार खाल्ले. तेव्हापासून परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीत एजंट नोंदलेला आहे का हे बघितल्याशिवाय कुणाला पासपोर्ट देत नाही.

कडू_कारलं

हा प्रतिसाद पटला. पहिली तीन वर्षं १५० रोज, हे लपवलं नाही म्हणून.

पाटील_शिरोलीकर

माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, तीन व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी धातू कापायची मशीनं. कास्टिंग आसपासच्या फाउंड्रीतून येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. माणसं मिळत नाहीत हो! ऑपरेटरला १४ हजारापासून सुरुवात. मशीनवर जॉब, म्हणजे कामाचा नग, लावणे-काढणे एवढंच करणारा पाच वर्षांनी २० वर अडकतो. पण ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करणारा, प्रोग्रॅममध्ये हात घालणारा, त्याला मी आज ३८ देतोय आणि तो सोडून जाईल म्हणून रात्री झोप लागत नाही.

सेटर आणि ऑपरेटरमधला फरक काय? मागच्या वर्षी नवीन पोराने टूल ऑफसेट (टूल कुठवर जायचं ते मशीनला सांगणारा आकडा) भरताना ०.२ च्या जागी २ टाकलं. पॉइंट विसरला. स्पिंडल खाली आलं, जो आवाज आला तो मला गेटवर ऐकू आला. टूल गेलं, फिक्श्चर गेलं, स्पिंडलचं बेअरिंग गेलं, मशीन नऊ दिवस बंद. सेटर नवीन ऑफसेट टाकला की पहिला जॉब बटणावर बोट ठेवून, स्पीड कमी करून, वाकून बघत घेतो. त्या वाकून बघण्याचे १८ हजार जास्त.

कडू_कारलं

१४ हजारात माणसं मिळत नाहीत हे नवल आहे होय? दुचाकीवर जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा त्यापेक्षा जास्त मिळवतो आणि त्याला सुपरवायझरच्या शिव्या खाव्या लागत नाहीत.

पाटील_शिरोलीकर

बरोबर आहे तुमचं. पण मला वरून नगामागे मिळतात ते दर चार वर्षांत बदलले नाहीत. मी सोन्याच्या ताटात जेवत नाही. डबेवाल्या पोराला पाच वर्षांनी काय मिळणार, तेही एकदा लिहा.

साखरझोप

बॉयलरचा विषय निघाला म्हणून. माझे थोरले काका साखर कारखान्यात पॅनमन होते. हा ट्रेड कुठल्याच यादीत पटकन दिसत नाही. रस आटवून त्यात दाणा धरायचा ते पॅनवर. काका पॅनमधून नमुना काढायचे, काचेच्या पट्टीवर पसरायचे आणि दिव्यासमोर धरायचे. दाणा एकसारखा आहे की मधे बारीक खोटा दाणा पडलाय हे त्यांना बघताक्षणी कळायचं. खोटा दाणा पडला की साखरेचा माल बिघडतो. केमिस्ट बी.एस्सी. झालेले, पण पॅन कधी सोडायचा हे काकांना विचारून. मांजरीच्या वसंतदादा शुगरमध्ये आणि कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत याचं शिक्षण मिळतं.

मात्र हंगामी. गाळप चार-पाच महिने, नंतर रिटेन्शनवर, म्हणजे अर्धवट पगार. आणि आमच्या भागातल्या एका कारखान्याने तो अर्धवटही चौदा महिने थकवला. काका शेवटी आफ्रिकेतल्या कारखान्यात गेले, तिथं त्यांना बंगला आणि गाडी. घरी पत्र यायचं, "इथं ऊस चांगला आहे, माणसं चांगली आहेत, भाकरी नाही."

शुभ्रा_व

सगळे पुरुषच बोलताय, म्हणून. माझी भावजय लातूरकडे महावितरणमध्ये. आयटीआय वायरमन, मग विद्युत सहाय्यक. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, मग तंत्रज्ञ. सुरुवातीला गावातले लोक म्हणायचे, "बाई आलीय, आता कशाची लाइट येते." तिने एकदा पावसात रात्री अकराला डीपीवरचा फ्यूज टाकला, झुला बांधून खांबावर चढून जंपर (तारा जोडणारा तुकडा) जोडला, तेव्हापासून म्हणतात "वायरमनबाईंना फोन लावा". तिच्या मिस्टरांपेक्षा तिचा पगार जास्त आहे, ते एम.ए. बी.एड., विनाअनुदानित.

धोका खराच. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करून सप्लाय बंद करवायचा, टेस्टर लावायचा, अर्थिंग करायचं. घाईत हे टाळणारे दोन सहकारी तिने गमावलेत.

नचिकेत_दे

रेल्वे विसरलो सगळे. असिस्टंट लोको पायलटला दहावी आणि आयटीआय चालतं. सातव्या वेतन आयोगात मूळ पगार १९,९००, पण वर महागाई भत्ता, घरभाडं आणि गाडी चालवण्याचा रनिंग भत्ता. स्पर्धा मात्र भयंकर, आणि डोळे नंबरवन लागतात. चष्मा असेल तर फॉर्म भरण्याआधी वैद्यकीय निकष वाचा.

टोरांटोचा_बंडू

मी ओंटारियोत इलेक्ट्रिशियन. इथं आमच्या ट्रेडचा नंबर ३०९ए : एकूण ९००० तास, त्यात ८४० वर्गात आणि उरलेले कामावर. म्हणजे साधारण पाच वर्षं. मग परीक्षा, ७० टक्क्यांना पास. रेड सील मिळालं की कॅनडाभर चालतं. मला तासाला ४५ डॉलरच्या वर मिळतात. माझ्या गल्लीत दोन पीएच.डी. आहेत, स्नो काढताना आम्ही तिघं सारखेच दिसतो.

पण "आयटीआय केलं, चला कॅनडा" असं होत नाही. तिकडचा अनुभव पुराव्यासकट मोजून घ्यावा लागतो. पगाराच्या स्लिपा, कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र. कडू कारलं यांच्यासारखं 'एकही दाखला नाही' असेल तर इथं शून्यापासून. त्यामुळे भाच्याला पहिल्या दिवसापासून कागद जपायला शिकवा.

लग्नाचं मात्र सांगतो. २०१४ ला स्थळं बघताना "कॅनडात इलेक्ट्रिशियन" म्हटलं की फोन ठेवायचे. आईने शेवटी "इलेक्ट्रिकल लाइनमध्ये" सांगायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत जमलं.

वाकळ

जर्मनीचं काय? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी करार केला होता ना, कुशल मनुष्यबळाचा?

शिल्पनिदेशक

केला. आमच्याकडेही नावनोंदणी झाली. अडचण भाषेची. मुलगा टिगचा टॉर्च धरायला तीन महिन्यांत शिकतो, जर्मन भाषेची लिंगं शिकायला वर्ष जातं. तिथं तीन-साडेतीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत काम करत शिकणं, असतं, शिकताना कंपनी पैसे देते. २०२५ ला सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने किमान ६८२ युरो महिना. तेवढ्यात खोलीभाडं आणि जेवण जेमतेम. "जर्मनीला पाठवतो, तीन लाख द्या" म्हणणारे गल्लोगल्ली झालेत, तिथं आर्गॉनवाला यांचे ६० हजार आठवा.

कोथरूडकर

नळ बसला! चौदाव्या दिवशी. बारा मिनिटांचं काम, सहाशे रुपये. चहा घेता घेता त्याला हा धागा सांगितला. त्याचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "काका, त्याला पान्ह्याला हात लावू देत नाही मी."

वाकळ

कोथरूडकर, यावर हसू नाही आलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. घरचा वृत्तांत.

धागा दाजींना फोनवर वाचायला दिला. आर्गॉनवाला यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला. "दीड एकर घेतली" तिथं थांबले. नंतर कडू कारलं यांचे प्रतिसाद वाचून "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं ताईला म्हणाले. म्हणजे दोघंही जिंकले. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मुद्दा मात्र त्यांना पटला, त्यावर तह झालाय.

रविवारी पाटीलसाहेबांच्या शॉपवर भाच्याला घेऊन गेले (व्यक्तिगत निरोपाला उत्तर दिल्याबद्दल आभार, पाटीलसाहेब). तो तासभर मशीनच्या काचेला नाक लावून उभा होता. त्यांच्या सेटरने त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि स्वतःच्या डोक्याचा केस मोजायला लावला. येताना गाडीत सांगत होता, "मावशी, सहा शतांश."

प्रवेशाच्या अर्जात पसंतीक्रम असा भरलाय : इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, वेल्डर. ५८ टक्क्यांवर पहिला मिळेल की नाही माहीत नाही. तिसरा मिळाला तरी जाणार म्हणतो. त्याला एकच विचारायचंय, आर्गॉनवाला काकांना : सुई टेकली हे त्या क्षणी कळावं म्हणून काही करता येतं का?

आर्गॉनवाला

पोरगा बरोबर जागी बोट ठेवतोय. त्याला सांग, कळतं, पण वर्षभराने. सुई टेकली की आर्क किंचित हिरवट होतो, आवाज बदलतो आणि सुईचं टोक गोळा होऊन येतं. तेव्हा पुढं ओढत बसायचं नाही. तिथंच थांबायचं, तेवढा भाग ग्राइंड करून काढायचा, सुईला परत टोक करायचं. मी त्या दिवशी वेळ जाईल म्हणून पुढं गेलो असणार.

वेल्डर लागला तर मला कळवा. आणि कपडे सुती घ्या, टेरिकॉट नको. ठिणगी पडली की ते कातडीला चिकटतं.

कडू_कारलं

आणि अप्रेंटिस असो की कॉन्ट्रॅक्ट, हजेरी कार्डाचा दर महिन्याला फोटो काढून मावशीला पाठवायचा. माझ्याकडे एक जरी असता ना.